तेहतीस पानांचं पत्र

नाणेघाटाच्या गुहेत शिरलं की मागच्या भिंतीवर नजर जाते आणि तिथे काही दिसत नाही. या भिंतीवर एके काळी सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या कधीच फुटल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण बहुतेकांच्या डोक्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेलं नाव अजून वाचता येतं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रणकयिरो. दोन हजार वर्षं झाली. नाव आहे, माणूस नाही.

घाट चढून वर आलं की घाटघर. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाचं गाव, शेजारी जीवधन किल्ला, पुढे कोकणाचा तुटलेला कडा. (भंडारदऱ्याकडचं, अकोले तालुक्यातलं घाटघर वेगळं, पत्ता विचारताना नेहमी गल्लत होते.) महादेव कोळ्यांची वस्ती, भाताची खाचरं, वरकस जमिनीवर नाचणी, रानातला बाळहिरडा. पावसाळ्यात चार महिने धुकं असं बसतं की दहा पावलांवरचा बैल दिसू नये.

या पट्ट्यातल्या वाड्यावस्त्यांवर गुहेतल्या भिंतीच्या उलट गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या घडत आली असणार. माणूस होतं, नाव नव्हतं. हाक मारली तरी वळून न बघणारं, तासन्‌तास एकच दगड गोल फिरवत बसणारं, घरी पाहुणे आले की कान झाकून गोठ्यात पळणारं पोर. त्याला नाव म्हणजे गावानं ठेवलेलं: येडं, मुकं, भोळं. कुणी म्हणायचं लागीर झालंय, कुणी म्हणायचं देवाचं आहे, असू द्या. आजी म्हणायची, ह्याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. आणि अंगारा, गंडा, एखाद्या देवाचा नवस झाला की विषय संपायचा.

आज त्या पोराच्या स्थितीला ऑटिझम म्हणतात, मराठीत स्वमग्नता. हे नाव कुठून निघालं आणि सह्याद्रीच्या या कड्यापर्यंत यायला त्याला किती वर्षं लागली, त्याची ही हकीकत. ती डॉक्टरांच्या शोधाची म्हणून सांगितली जाते. मला ती आईबापांच्या साक्षीची वाटते.

फॉरेस्ट नावाचं गाव

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचं एक छोटं गाव आहे. तिथल्या बीमन ट्रिप्लेट नावाच्या वकिलाला 1933 च्या सप्टेंबरात मुलगा झाला. नाव डोनाल्ड. दोन वर्षांचा असताना हा मुलगा बायबलमधलं एक अख्खं स्तोत्र पाठ म्हणायचा, धर्मशिक्षणाची पंचवीस प्रश्नोत्तरं बिनचूक सांगायचा. पण आई खोलीत आली की गेली याच्याशी त्याला कर्तव्य नसे. भांडी, झाकणं, जे गोल फिरेल ते जमिनीवर फिरवत बसायचा आणि त्यात कुणी हात घातला की आकांत.

डॉक्टरांनी सांगितलं, आईबापांनी मुलावर फार लक्ष दिलं म्हणून असं झालं. त्याला घरापासून लांब ठेवा. 1937 साली, चार वर्षांचाही न झालेल्या डोनाल्डला मुलांच्या एका आरोग्यधामात ठेवण्यात आलं. तिथे तो खाईपिईनासा झाला, हलायचा बंद झाला. वर्षभरानं संस्थेच्या मर्जीविरुद्ध आईबापांनी त्याला घरी आणलं. आणि 1938 साली बीमन ट्रिप्लेटनं बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या डॉक्टर लिओ कॅनर यांना पत्र पाठवलं. टंकलिखित तेहतीस पानं.

वकिलाचंच पत्र ते. मुलगा काय खातो, काय टाळतो, कोणत्या महिन्यात कोणता शब्द बोलला, कोणत्या वाक्याचा कोणत्या प्रसंगी काय अर्थ असतो, सगळं क्रमानं. कॅनर मूळचे ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातल्या गॅलिशियाचे. 1924 साली अमेरिकेत आले, बालमानसोपचारात तोवर त्यांचं नाव झालेलं होतं.  पत्रातल्या तपशिलाच्या अट्टाहासाची त्यांनी नोंद केली. मग ऑक्टोबरात मुलगा समोर आला आणि पत्रातली एकेक ओळ खरी निघाली. कोणत्याही पुस्तकात हे मूल बसत नव्हतं.

पुढच्या चार-पाच वर्षांत कॅनरना अशी आणखी मुलं भेटली. 1943 साली त्यांनी अकरा मुलांवर एक प्रदीर्घ लेख छापला: आठ मुलगे, तीन मुली. पहिलं प्रकरण डोनाल्डचं, आणि त्यात बापाच्या पत्रातला मजकूर भरपूर. ‘ऑटिझम’ हा शब्द कॅनरनी घडवला नव्हता. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो 1910 च्या सुमारास स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या एका लक्षणासाठी वापरला होता. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. कॅनरनी तो उचलून या मुलांना लावला. उसन्या शब्दामुळे पुढे तीसेक वर्षं ही मुलं म्हणजे लहानपणीचा स्किझोफ्रेनिया, असा घोळ चालू राहिला तो वेगळाच.

कॅनरचा तो लेख आजही वाचण्यासारखा आहे, कारण त्यात सिद्धान्त थोडा आणि मुलं जास्त आहेत. एक उदाहरण घेऊ. ही मुलं ‘मी’ आणि ‘तू’ यांची अदलाबदल करतात, हे त्यांनी टिपलं. मराठी घरात हे सहज कळतं. आई रोज विचारते, ‘तुला पाणी पाहिजे?’ आणि पाणी देते. मूल तहानलं की म्हणतं, ‘तुला पाणी पाहिजे?’ त्याच सुरात, त्याच हेलात. घरचे हसतात, नाहीतर चिडतात. मुलाच्या लेखी हे चूक नाहीच: हे शब्द उच्चारले गेले की पाणी येतं, एवढा अनुभव त्यानं पक्का पकडलेला असतो. बोलणारा बदलला की सर्वनाम बदलतं, हा माणसामाणसांतला करार मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

दुसरी गोष्ट, सारखेपणाचा हट्ट. रोजची वाट बदलली, ताटातल्या वाटीची जागा बदलली की जग कोसळल्यासारखं रडणं. हे लाडानं बिघडणं नव्हे. ज्याला माणसांच्या चेहऱ्यांवरून पुढचा क्षण वाचता येत नाही, त्याला वस्तूंची जागा तरी कायम हवी असते.

चांदोबा कुणी पाहिला?

आपल्याकडे रांगतं मूल कडेवर घेऊन त्याला चांदोबा दाखवायची रीत आहे. आई बोट करते. मूल आधी बोटाकडे बघतं, मग बोटाच्या दिशेनं वर, आणि मग परत आईच्या तोंडाकडे. तुलाही दिसला ना? या तीन टप्प्यांच्या खेळात पुढची सगळी भाषा दडलेली असते. वर्ष-दीड वर्षाचं मूल स्वतः बोट करून काऊ दाखवू लागतं, त्याला तो काऊ हवा असतो म्हणून नव्हे, तर तुम्हीही तो पाहावा म्हणून. स्वमग्न मुलात बहुतेकदा नेमकं हेच अडतं. त्याला डबा हवा असेल तर ते आईचा हात धरून डब्यावर नेऊन ठेवतं, आईच्या तोंडाकडे न बघता, जणू हात म्हणजे एक अवजार.

आणि इंद्रियांचं तंत्र वेगळं. घाटघरच्या पावसात पत्र्याच्या छपराखाली बसून पाहावं. आपल्याला काही वेळानं तो आवाज ऐकू येईनासा होतो, मेंदू तो बाजूला सारतो. काही स्वमग्न मुलांना तो बाजूला सारता येत नाही. घोंगडी टोचते, ढोल-लेझीम सहन होत नाही, एखाद्या भाजीचा बुळबुळीतपणा ओकारी आणतो. उलटही असतं: भाजलं, लागलं तरी काही जण रडत नाहीत. कुणाला बोलता येत नाही, कुणी पुस्तकी मराठीत अखंड बोलतं आणि समोरचा कंटाळला हे त्याला कळत नाही. कुणाची बुद्धी मंद, कुणाची तल्लख. म्हणूनच आता ‘स्पेक्ट्रम’ म्हणतात, इंद्रधनुष्यासारखा पट्टा. दोन स्वमग्न मुलं एकमेकांसारखी असतील असं समजू नये.

कॅनरच्या आसपासच व्हिएन्नात हान्स ॲस्पर्गर यांनी 1944 साली जवळपास अशाच मुलांवर लिहिलं. त्याहीआधी, 1920 च्या दशकात, रशियातल्या ग्रुन्या सुखारेवा यांनी सहा मुलग्यांचं बारकाईनं वर्णन केलं होतं. बाईंचं नाव पश्चिमेत सत्तरेक वर्षं फारसं कुणी घेतलं नाही. ॲस्पर्गर मात्र मुलांचे कैवारी म्हणून मिरवले गेले. 2018 साली कागदपत्रं पुढे आली तेव्हा कळलं की नाझी राजवटीत त्यांनी काही मुलांना ‘आम श्पीगेलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याच्या शिफारशी केल्या होत्या, आणि तिथे मुलांना मारलं जात होतं. डॉक्टर मंडळींचा हा इतिहास काही सगळाच अभिमानाचा नाही.

आईवरचा खटला

कॅनरच्या अकरा मुलांचे आईबाप बहुतेक उच्चशिक्षित होते: वकील, डॉक्टर, प्राध्यापक. यावरून कॅनरना वाटलं की हा शिकल्यासवरल्या, थंड स्वभावाच्या घरांतला विकार असावा. साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. 1938 साली तेहतीस पानं टंकलिखित करून बाल्टिमोरला पाठवू शकणारा आणि मग रेल्वेनं मुलाला तिथवर नेऊ शकणारा बाप आणखी कोण असणार? शेतमजुराचं मूल कॅनरच्या दारात पोहोचलंच नाही, म्हणून ते अकरांत नाही. घाटघरच्या मुलाचा तर प्रश्नच नाही.

या एका चुकीच्या निरीक्षणाची फार मोठी किंमत आयांनी मोजली. मुलाला प्रेम मिळालं नाही म्हणून ते आत मिटलं, असं तज्ज्ञ म्हणू लागले. ‘फ्रिजसारखी थंड आई’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी 1967 साली त्यावर गाजलेलं पुस्तक लिहिलं आणि मुलाला आईपासून तोडणं हाच उपचार ठरवला. घरात एक स्वमग्न मूल आणि डोक्यावर हा आरोप, असं जगलेल्या स्त्रियांची एक अख्खी पिढी पश्चिमेत होऊन गेली.

हा खटला मोडला तो आईबापांनीच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ. त्यांचा मुलगा स्वमग्न. आपल्या बायकोचं मुलावर किती प्रेम आहे हे ते रोज बघत होते, त्यामुळे सिद्धान्तच खोटा असला पाहिजे, इथून त्यांनी सुरुवात केली. 1964 च्या त्यांच्या पुस्तकानं कारण मेंदूच्या जडणघडणीत आहे असं ठामपणे मांडलं. 1977 साली लंडनमध्ये सुसान फोलस्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या एकवीस जोड्या तपासल्या: एकाच बीजातून झालेल्या अकरा जोड्यांपैकी चारांत दोन्ही मुलं स्वमग्न, वेगळ्या बीजांच्या दहांपैकी एकाही जोडीत नाही. म्हणजे आनुवंशिकतेचा हात मोठा. 1979 मध्ये लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातली मुलं शोधून पाहिली, तर स्वमग्न मुलं श्रीमंत-गरीब सगळ्या घरांत होती. लॉर्ना विंग डॉक्टर तर होत्याच, पण एका स्वमग्न मुलीच्या आईही होत्या. कॅनरनी स्वतः 1969 साली पालकांच्या मेळाव्यात उभं राहून त्यांना दोषमुक्त केलं. टाळ्या पडल्या म्हणतात. मला त्या टाळ्यांचं थोडं आश्चर्यच वाटतं.

आपल्याकडे आईला दोषी धरायला बेटलहाइमची गरज कधीच नव्हती. ग्रहणात चिरलंस का? पोटुशी असताना कुठल्या ओढ्यावरून तिन्हीसांजेला आलीस? मागच्या जन्मीचं काय? शहरात आता याचीच नवी रूपं आहेत: नोकरी करत होतीस म्हणून, मोबाइल दाखवलास म्हणून. मोबाइलचा अतिरेक वाईटच, पण त्यानं ऑटिझम होत नाही. लसीनंही होत नाही. तो किस्सा 1998 साली इंग्लंडच्या अँड्र्यू वेकफिल्ड यांनी अवघ्या बारा मुलांवरच्या लेखातून उठवला. ‘लॅन्सेट’ नियतकालिकानं 2010 मध्ये लेख मागे घेतला आणि त्या डॉक्टरची सनदही गेली. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासून 2019 साली पुन्हा सांगण्यात आलं की गोवराच्या लसीचा आणि याचा संबंध नाही. लस चुकवली तर गोवर मात्र होऊ शकतो.

मतिमंद, मग स्वमग्न

आता इकडचं. ट्रिप्लेट वकील पत्र लिहायला बसले त्याच्या वर्षभर आधी, 1937 साली, मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळेनं (आजची ‘टिस’) बालमार्गदर्शन केंद्र उघडलं होतं. देशातलं ते पहिलंच. 1944 साली मुंबईत जय वकील या पारशी बाईंनी, स्वतःच्या मुलीला कुठली शाळा घेईना म्हणून, घरातच शाळा सुरू केली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. मुलगी डाउन सिंड्रोमची होती, स्वमग्न नव्हे, पण सुरुवात इथेही आईनंच केली. पुण्यात 1964 साली ‘कामायनी’ निघाली. या शाळांत स्वमग्न मुलंही येत असणार, पण नोंदवहीत शब्द एकच: मतिमंद.

मराठी मनात या मुलांचं चित्र उभं राहिलं ते रंगभूमीनं आणि सिनेमानं. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’तला बच्चू, त्या भूमिकेतला अतुल परचुरे; 1991 च्या ‘चौकट राजा’तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू. दोन्ही स्वमग्न नाहीत. पण ‘आमच्या मागे याचं कोण?’ हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणण्याचं काम दळवींनी केलं, आणि पुढे कायद्यालाही याच प्रश्नाशी झुंजावं लागलं.

‘स्वमग्न’ हा शब्द मराठीत पुढे रुळला. शब्द सुरेख आहे, मुळाशी प्रामाणिकही आहे. ‘ऑटोस’चंच ते भाषांतर. तरी माझी त्याच्याशी थोडी तक्रार आहे. मराठी कान ‘मग्न’ ऐकतो आणि त्याला ध्यानमग्न, नादमग्न आठवतं. जणू हे मूल स्वतःत सुखानं रमलंय, हाक मारू नये. प्रत्यक्षात बरीचशी स्वमग्न मुलं-माणसं मैत्रीसाठी आसुसलेली असतात. त्यांना जमत नाही ते दार उघडणं. गावात तर ‘ऑटिझम’ हाच शब्द जास्त चालतो, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून उचललेला.

दिल्लीत 1991 साली मेरी बरुआ यांनी ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था काढली. त्यांचा मुलगा स्वमग्न. मुंबईत 2001 साली डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र सुरू केलं. पुण्यात प्रसन्न ऑटिझम सेंटर उभं राहिलं. नव्वदीच्या अखेरीपासून मुंबई-पुण्यातल्या शिकलेल्या घरांना तरी नाव मिळू लागलं. गंमत बघा, कॅनरच्या दवाखान्यातलं चित्र इथे पुन्हा उमटलं: शहरातलं, इंग्रजी येणाऱ्या घरांतलं मूल स्वमग्न ठरे, आणि जुन्नरच्या पश्चिमेचं मूल मतिमंद, किंवा नुसतंच येडं.

कायद्याच्या चौकटीत

1995 साली देशात अपंग व्यक्तींचा कायदा झाला. त्यात सात प्रकार होते: अंधत्व, अंधुक दृष्टी, बरा झालेला कुष्ठरोग, बहिरेपणा, हालचालींचं अपंगत्व, मतिमंदत्व, मनोविकार. ऑटिझम नाही. म्हणजे ज्या वर्षी अमेरिकेतला डोनाल्ड बासष्ट वर्षांचा झाला, त्या वर्षी आपल्या कायद्याला ऑटिझम हे नावही ठाऊक नव्हतं. पालक संघटना मागे लागल्या. 1999 च्या अखेरीस राष्ट्रीय न्यास कायदा आला, त्याच्या नावातच ऑटिझम होतं. अठरा वर्षांपुढच्या मुलाचं कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून मिळण्याची सोय झाली. पुढे ‘निरामय’ ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आली. दळवींच्या प्रश्नाला सरकारनं दिलेलं हे पहिलं उत्तर.

पण अपंगत्वाचा दाखला? तो मिळेना. दाखल्यासाठी टक्के लागतात, टक्क्यांसाठी माप लागतं, आणि ऑटिझमचं भारतीय माप नव्हतं. आईबाप मुलाला बुद्ध्यंकाच्या चाचणीला बसवून मतिमंदत्वाचा दाखला काढत. ज्याची बुद्धी चांगली तो उपाशीच. सिकंदराबादच्या, मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं 2009 मध्ये मापपट्टी आणली, इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ईसा’ म्हणतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. एकूण 70 च्या खाली आले तर स्वमग्नता नाही, 153 च्या वर गेले तर तीव्र. मूल डोळ्याला डोळा देतं का, एकटंच राहतं का, ऐकलेलं पोपटासारखं बोलतं का, बदल झाला की बिथरतं का. डॉक्टर मुलाला बघतात, पण बरीचशी उत्तरं आईकडूनच येतात. म्हणजे बीमन ट्रिप्लेटनं आपण होऊन लिहिलं, ते इथे विचारून घेतलं जातं.

2016 च्या एप्रिलमध्ये या मापावर दाखला देण्याची केंद्राची मार्गदर्शक सूचना निघाली. त्याच वर्षी डिसेंबरात नवा दिव्यांग हक्क कायदा झाला, सातांचे एकवीस प्रकार झाले, आणि स्वमग्नता त्यांत नावानिशी आली. 1943 ते 2016: त्र्याहत्तर वर्षं. 2011 च्या जनगणनेत मात्र स्वमग्नतेला रकानाच नव्हता, त्यामुळे घाटघरात किंवा आख्ख्या पुणे जिल्ह्यात अशी किती माणसं आहेत याचा जनगणनेत उल्लेख नाही. अंदाज बांधायचा तर 2018 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांची मुलं घरोघर जाऊन तपासली. आपल्या शेजारचा उत्तर गोवा त्यांत होता. शंभरांत साधारण एक मूल स्वमग्न निघालं. हजार मुलं असलेल्या वाड्या-वस्त्या एकत्र धरल्या तर दहा.

घाटाखालून आलेली गाडी

नाणेघाट उतरलं की मुरबाड तालुका, ठाणे जिल्हा. कोकणातून येणारा माल याच वाटेनं वर चढायचा आणि जकात भरायचा. तोंडाशी दगडी रांजण अजून आहे. त्या जिल्ह्यात, तेव्हा तालुका असलेल्या पालघरला, 6 फेब्रुवारी 2013 रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभरासाठी सुरुवात झाली. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची फिरत्या पथकाकडून तपासणी: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हृदयाची छिद्रं, दुभंगलेले ओठ, दातांची कीड, आणि यादीत विकासातल्या अडचणीही. संशय आला की जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. कागदावर घाटघरच्या मुलाला पहिल्यांदाच एक रस्ता मिळाला.

पण तो रस्ता चालून बघा. घाटघर ते जुन्नर तीसेक किलोमीटर, जुन्नर ते पुणे नव्वदाच्या पुढे. एका तपासणीला एक दिवस, एक रोजगार, दोन एसट्या. आवणीच्या दिवसांत कोण जाणार? आणि गेलं तरी स्वमग्न मूल स्टँडच्या गोंगाटात, अनोळखी खोलीत, पांढऱ्या कोटासमोर जे वागतं ते त्याचं रोजचं वागणं नव्हेच. पथकाच्या हाती अंगणवाडीत एका मुलामागे काही मिनिटं असतात. छिद्र, ओठ, दात तेवढ्या वेळात दिसतात. चांदोबा दाखवल्यावर मूल आईकडे वळून बघतं की नाही, हे त्या गर्दीत कसं दिसावं? ते बघितलेलं असतं आईनं, आजीनं, अंगणवाडीच्या ताईंनी. आणि त्यांना कुणी विचारलं तर त्या सांगतात, ‘बोलत नाही बघा अजून.’ बस्स, एवढंच. तेहतीस पानं त्यांच्याकडेही असतात, पण ती लिहून घ्यायला समोर कुणी नसतं.

मक्याच्या ओळी

डोनाल्डचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण त्याचा खेड्याशी संबंध आहे. 1942 साली, नऊ वर्षांचा असताना, त्याला घरापासून जवळच एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं. लुइस नवरा-बायको, मूलबाळ नसलेले. 1945 साली कॅनर तिथे जाऊन आले आणि चकित झाले. मुलाला मोजायचं वेड होतं. लुइसनं त्याला विहीर खणायला आणि खोली किती झाली ते सांगायला लावलं. मेलेले पक्षी, किडे गोळा करायचा, तर त्यांना पुरायला शेतात एक जागा नेमून दिली. मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजायचा, तर नांगर हाती दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनरच्या देखतच त्यानं घोडा जुंपून नांगर धरला आणि वळवला.

 त्या जोडप्यानं खोड मोडायचा प्रयत्न केला नाही, खोडीला काम दिलं.

हे वाचलं की वाटतं, भाताच्या खाचरात, बाळहिरडा निवडण्यात, गुरं मोजून आत घेण्यात गावानं अशी कितीतरी मुलं सामावून घेतली असतील. घेतलीही असतील. पण इथे भाबडं होण्यात अर्थ नाही. काम जमलं तर ते मूल गावाचं, न जमलं तर खुंट्याशी बांधलेलं. मुलगी असेल तर काळजी आणखी वेगळी, आणि ती बोलून दाखवायचीही सोय नाही. लुइस जोडप्याच्या पाठीशी पैसे देऊ शकणारं घर होतं, डोनाल्डचं आजोळ बँकवाल्यांचं, हेही विसरू नये.

डोनाल्ड पुढे कॉलेजात गेला, 1958 साली पदवीधर झाला, आजोळच्या बँकेत नोकरी केली, एकट्यानं देशोदेशी हिंडला, रोज गोल्फ खेळला. फॉरेस्ट गावानं त्याचं विक्षिप्तपण सांभाळून घेतलं. बाहेरच्या पत्रकारांना गावकरी दम देत, त्याला त्रास दिलात तर बघा. 15 जून 2023 रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी तो गेला.

आपल्याकडे अंगणवाडी ताई, आशाताई, वस्तीवरच्या शाळेचे गुरुजी हा लेख वाचत असतील तर त्यांना एक विनंती. वर्षाचं झालेलं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं होऊन बोट करून काही दाखवत नसेल, बोलत असलेलं अचानक बोलायचं थांबलं असेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून आईला परत पाठवू नका. पथकाची गाडी येईपर्यंत एक शंभर पानी वही घ्या. आईला चहा द्या, बसवा, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा: काय खातं, कशाला घाबरतं, कशात रमतं, कुठला शब्द कधी आला आणि कधी गेला. जुन्नरच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा पुण्याला जाताना ती वही तिच्या पिशवीत असू द्या. प्रत्येक पानावर तारीख घालायला विसरू नका.